रोल संपवताना काढलेले फोटो

शहापूरला एसटी स्टँडच्या समोरच्या ओळीत आमचा फोटो स्टुडिओ होता. वडिलांनी तो माझ्या जन्माआधी सुरू केला होता. पुढच्या खोलीत बाकडं, आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा. पडद्यामागे निळसर भिंत आणि स्टूल. त्याच्याही मागे, जिथे पूर्वी कुणाची तरी भाताची कोठी होती, तिथे आमची डार्करूम. बारावीनंतर मी तिथेच बसू लागले. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. निगेटिव्हवरचे डाग पेन्सिलीने भरण्याचं काम त्यांना जमेनासं झालं तेव्हा त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली, आणि पुढच्या वर्षभरात कॅमेराही.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. लग्नाचे फोटो तोवर रंगीत झाले होते आणि ते धुवायला कल्याणला जात. पण नोकरीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, रेल्वेचा पास, भातसानगरच्या कामगारांची ओळखपत्रं, या सगळ्यांना काळा-पांढरा फोटो चालायचा, आणि तो आम्ही दुपारपर्यंत हातात देत असू. किन्हवलीकडची माणसं सकाळच्या गाडीने यायची आणि दुपारच्या गाडीने परत जायची. त्यांना 'उद्या या' म्हणून चालत नसे.

अडचण अशी होती की आमच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत. सकाळी पाच गिऱ्हाइकं आली तर पाच फ्रेम भरत, आणि त्या पाच जणांची गाडी सुटण्याआधी रोल बाहेर काढून धुणं भाग असे. उरलेल्या सात फ्रेम वाया जात. वडील अशा वेळी भिंतीचा, नाहीतर आईने वाळत घातलेल्या पापडांचा फोटो काढून रोल पुढे सरकवायचे. एक दिवस ते मला म्हणाले, "जा, बाहेर जाऊन संपवून ये. दहा मिनिटांत परत पाहिजेस."

मी कॅमेरा गळ्यात अडकवून स्टँडवर गेले. आमचा कॅमेरा जुन्या पद्धतीचा, एकावर एक दोन भिंगं असलेला. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. काचेवर सगळं उलट दिसतं. डावीकडून आलेली एसटी उजवीकडून येते. सवय व्हायला महिना लागला. पण त्या कॅमेऱ्याचा एक फायदा माझ्या लवकर लक्षात आला. मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलीकडे कुणी बघत नाही. लोकांना वाटायचं, ही पिशवीत काहीतरी शोधते आहे. बटणाचा आवाजही फार होत नसे.

पहिल्या दिवशी मी काय काढलं ते अजून माझ्याकडे आहे. तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन झोपलेला कंडक्टर. बांगड्यांच्या हातगाडीपाशी, डोक्यावरची पाटी एका हाताने सावरत दुसरा हात पुढे करून बांगड्या भरून घेणारी बाई. एक माणूस, बगलेत कोंबडी, वडा बांधून आलेल्या कागदावरची बातमी वाचतोय, आणि कोंबडीही त्याच कागदाकडे बघते आहे. बाकीच्या चार फ्रेम हलल्या.

वडिलांनी निगेटिव्ह बल्बसमोर धरून, डोळे बारीक करून पाहिल्या. "यातलं गिऱ्हाईक कुठलं?" त्यांनी विचारलं.

"कुठलंच नाही."

"आणि यांना सांगितलं नाहीस तू, हलू नका म्हणून?"

"सांगितलं असतं तर ते असे राहिले नसते."

जन्मभर त्यांनी माणसांना 'हलू नका' हेच सांगितलं होतं. पण आठवड्याने त्यांनी स्वतःच मला कोंबडीवाल्या फोटोची मोठी प्रत काढायला लावली आणि ती दुकानाच्या काचेत, नवरा-नवरीच्या फोटोंशेजारी लावली. लोक थांबू लागले. स्टँडवर गाडीची वाट बघणारी माणसं रस्ता ओलांडून यायची, हसायची, ओळखीचा चेहरा शोधायची. मग मी दर आठवड्याला एक फोटो बदलू लागले. मला ते फार आवडत होतं, हे कबूल करते. बाजारच्या दिवशी काचेपुढे पाच-सात माणसं उभी असली की आत बसून मी त्यांची बोलणी ऐकत असे.

स्टँडच्या कुंपणाला लागून एक चहाची टपरी होती. तिच्या बाकावर बाजारच्या दिवशी दोन म्हातारे बसायचे. दोघांच्या डोक्यावर टोपी, दोघांचं नाक एकसारखं. भाऊ आहेत हे सांगायला नको होतं. मी त्यांना बरेच महिने बघत होते. एका दुपारी धाकटा काहीतरी सांगत होता, एक हात हवेत उंच धरून, बहुतेक कुणाची तरी नक्कल करत असावा. थोरला बशीतून चहा पीत होता. त्याला एकदम हसू फुटलं, बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. तरी तो हसतच राहिला. पुढचे दात नव्हते त्याला. मी बटण दाबलं. रोलवरची ती अकरावी फ्रेम होती. बारावी काढायची मी विसरले.

धुतल्यावर कळलं की फोटो उत्तम आला आहे. मी त्याची मोठी प्रत काढली आणि काचेत लावली.

चार-पाच दिवसांनी एक तिशीतला माणूस दुकानात शिरला. हातात पंपाचा कसला तरी भाग होता, तो त्याने आमच्या बाकड्यावर आपटला.

"हा फोटो कुणी काढला?"

"मी."

"कुणी सांगितलं तुमाला काढायला? माझा बाप हाय तो."

मी घाबरले, आणि घाबरून भलतंच बोलले. "आणि शेजारी तुमचे काका ना?"

त्याचा चेहरा बदलला. "तो आमचा कोणी नाय," तो म्हणाला.

आतून वडील बाहेर आले. त्यांनी मला एक शब्द न विचारता काचेतून फोटो काढला आणि त्याच्या हातात दिला. "चूक झाली आमची. घेऊन जा." त्याने फोटोची घडी केली, खिशात कोंबली आणि तो गेला. घडी पडताना फोटोचा कागद चिरतो, त्याचा आवाज मला ऐकू आला.

तो गेल्यावर वडील एवढंच म्हणाले, "दहा मिनिटांत रोल संपवून ये म्हणालो होतो. काचेत लावायची हौस माझीच होती." मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या बाजाराला बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्यालाही. टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ते दोघं आता येत नाहीत. तूच फोटो लावलास ना?" मी दुकानात येऊन बसले आणि त्या दिवशी रोल संपवायला बाहेर गेलेच नाही. पापडांचे फोटो काढले.

साधारण महिन्याने थोरला म्हातारा एकटाच दुकानात आला. चपला बाहेर काढल्या, बाकड्यावर बसला, आरशात बघून टोपी नीट केली. मला वाटलं फोटो काढायला आला आहे.

"तूच का गो ती?" त्याने विचारलं.

"हो बाबा."

त्यानेच मग सगळं सांगितलं. किन्हवलीच्या पलीकडे त्यांचं गाव. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याचा मुलगा आणि धाकट्याचा मुलगा एकाच वॉर्डातून समोरासमोर उभे राहिले. धाकट्याचा मुलगा थोड्या मतांनी पडला. निकालाच्या दिवशी दोन्ही मुलांच्या तोंडून नको ते शब्द गेले, आणि त्या दिवसापासून दोन घरांचं जाणं-येणं बंद झालं. शेजारी शेजारी घरं, पण बायकांनी विहिरीवर यायच्या वेळा बदलल्या. त्याला चार वर्षं झाली होती.

"आमी दोघं पोरांपुढं काय बोलणार? घरं आता त्यांची. मग आमी हितं यायचो. मी पैल्या गाडीनं, तो दुसऱ्या गाडीनं. जाताना पण तसंच. कोणाला ठावं नव्हतं."

मी बाकड्यावरचा कंगवा सरळ करून ठेवला.

"तुला दिसलं ते दिसलं. डोळं हायेत, दिसणारच. पण काचेत कशाला लावलंस गो?"

"मला फोटो चांगला वाटला, बाबा."

"चांगला होता?"

"खूप चांगला."

"पोरानं आणून माझ्या पुढ्यात टाकला तेवा मी बघितला पण नाय. त्याच्या तोंडाकडंच बघत होतो." त्याने काचेकडे मान वळवली. "हाय का अजून?"

प्रत नव्हती. मी निगेटिव्ह आणून त्याला उजेडाकडे धरायला दिली. त्याने ती बराच वेळ पाहिली. "ह्यात आमी भुतासारखे दिसतो," तो म्हणाला, आणि हसला. मग निगेटिव्ह परत दिली. मी प्रत काढून देते म्हटलं तर नको म्हणाला. घरात ठेवायची कुठे, हा प्रश्न होता.

"मग आता तुम्ही बसणार कुठे?" मी विचारलं.

"मुरबाड हाय की. तिथं आमाला कोण वळखतो?"

तो गेल्यावर मी ठरवलं की रस्त्यावर कुणाचा फोटो काढला तर काढून झाल्यावर त्या माणसाकडे जाऊन सांगायचं. ते निभावणं सोपं नव्हतं. काही जण हसून सोडून द्यायचे, काही जण चिडायचे. एका भाजीवालीने मला उभं करून विचारलं, "माझा कशाला? मी काय पळून जातेय का?" आणि तिच्या पाटीचा, नुसत्या पाटीचा, फोटो काढायला लावला. ज्यांनी नाही म्हटलं त्यांची फ्रेम धुतल्यावर मी कापून टाकत असे. काचेत परत नवरा-नवरीचे फोटो लागले.

पावसाळा संपता संपता एक बाई अंगणवाडीच्या नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आली. फोटो झाला, ती थांबून राहिली. दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून म्हणाली, "ताई, तुमच्याकडं एक फोटो होता. दोन म्हाताऱ्यांचा. त्यातले एक माझे सासरे."

मी म्हटलं, "तो फोटो मी आता कुणाला दाखवत नाही."

"मला पायजे तो. आमच्या ह्यांनी आणलेला, त्यांनी तो चुलीत टाकायच्या आधी मी बघितला होता. सासऱ्यांना असं हसताना मी लगीन झाल्यापासून बघितलं नाय." ती थोडी पुढे सरकली. "बाजारातून आले की ते दोन दिवस खुशीत असायचे. नातवंडांशी बोलायचे. आता चार महिने झाले, नीट जेवत पण नाय."

मुरबाडला भेटायचा त्यांचा बेत मला माहीत होता; तो अजून जमला नसावा. पण ते मी तिला सांगितलं नाही. मी पडद्यामागे जाऊन वडिलांना विचारलं. ते स्टुलावर बसून ऐकतच होते. "मागायला घरचं माणूस आलंय," ते म्हणाले. "दे." मी त्या दुपारी तिच्या पासपोर्ट फोटोंबरोबर ती प्रत काढली. तिने ती अर्जाच्या पाकिटात ठेवली आणि दुपारची गाडी पकडली.

पुढचं मला नंतर तिच्याकडूनच कळलं. तिने फोटो नवऱ्याला दाखवला नाही, सासऱ्यालाही नाही. तिने तो आपल्या चुलत जावेला, म्हणजे धाकट्या म्हाताऱ्याच्या सुनेला दाखवला. त्यासाठी ती मुद्दाम दुसरीच्या वेळेला विहिरीवर गेली. दोघी चार वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. दुसरीने फोटो पाहिला आणि आधी हसली, कारण तिचा सासरा ज्याची नक्कल करत होता तो माणूस तिने बरोबर ओळखला. तो गावचा जुना पोस्टमन होता. मग ती म्हणाली, "हे दोघं तिथं चहा पितात, आणि आपण हितं भर उन्हात पाणी भरतो?"

त्या दिवसापासून दोघी एकाच वेळी पाण्याला जाऊ लागल्या. नवऱ्यांनी काय म्हटलं ते तिने सांगितलं नाही. पण वर्षभरात धाकट्याच्या घरी बारसं निघालं आणि शेजारच्या घराला आमंत्रण गेलं. फोटो काढायला मला बोलावलं. मी रंगीत रोल घेऊन किन्हवलीच्या गाडीने गेले. पुढे चालत. दुकानात येऊन चिडलेल्या थोरल्याच्या मुलानेच मला खुर्ची दिली, सरबत आणून दिलं. माफी वगैरे कुणी कुणाची मागितली नाही. "ताई, सगळ्यांचा एकत्र काढा," एवढंच तो म्हणाला.

मी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि दोन्ही म्हाताऱ्यांना मधे शेजारी शेजारी. मला वाटलं होतं, आता मजा येईल. पण दोघं इतके ताठ बसले की जणू एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते. धाकटा कॅमेऱ्याकडे बघत होता, थोरला जमिनीकडे. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. मी दोन वेळा म्हटलं, "बाबा, बोला की काहीतरी." शेवटी थोरला म्हणाला, "काय बोलू? तुमीच बोला." तो फोटो मी दिला, पण त्यात काही नव्हतं.

त्यानंतर माझं लग्न झालं. नवरा मुरबाडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. वडिलांचं ऑपरेशन होऊन त्यांना बऱ्यापैकी दिसू लागलं होतं. ते म्हणाले, "कॅमेरा तूच ने, माझ्या हाताला आता तो जड होतो." मुरबाडला आम्ही घराच्या पुढच्या खोलीत छोटा स्टुडिओ काढला आणि न्हाणीघराला काळा पडदा लावून डार्करूम केली.

पहिल्याच महिन्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मी स्टँडवरून चालले होते. रसवंतीच्या बाकावर दोघं बसले होते. धाकट्याने मला आधी पाहिलं आणि थोरल्याला कोपराने ढोसलं. "आली बघ."

मी जाऊन उभी राहिले. "आता तर घरी बोलता येतं ना? मग इतक्या लांब कशाला येता?"

"घरात?" थोरला म्हणाला. "घरात एक शब्द बोललो की चार जणं मधी बोलतात. सूनबाई इचारते काय झालं, पोरगा इचारतो कुणाबद्दल बोलता. त्यापरास हितं बरं."

"भांडण होतं तेवाच बरं होतं," धाकटा म्हणाला. "आता सगळ्यांना वाटतं आमी खूश हाओत, म्हणून सारखे बघत बसतात."

मी त्यांच्याजवळ बसले. मला उत्सुकता होती की हे दोघं एवढं बोलतात तरी काय. त्या दिवशी ते एका बैलाबद्दल बोलत होते, जो त्यांच्या लहानपणी होता आणि ज्याचं एक शिंग मोडलं होतं. डावं की उजवं, यावर त्यांचं अर्धा तास चाललं. बैलाला मरून पन्नास वर्षं झाली असतील. मधेच धाकटा माझ्या रिकाम्या गळ्याकडे बघून म्हणाला, "काय गो, डबा नाय आणलास आज?"

मग मी कॅमेरा नेऊ लागले. त्यांना आता माझा कॅमेरा ओळखू येत होता, त्यामुळे ते सावध व्हायचे, आणि चांगला फोटो मिळायला कधी कधी दोन-तीन बाजार जायचे. पण ते बोलण्यात रंगले की विसरायचे. पाच-सहा वर्षांत मी त्यांचे नऊ फोटो काढले. प्रत्येकाची प्रत त्यांना दाखवली. ते बघून मला परत द्यायचे. एक प्रत मात्र थोरल्याच्या सुनेकडे जायची, हे त्यांना माहीत होतं आणि ते तसं दाखवत नव्हते.

दोन हजारनंतर काळ्या-पांढऱ्याचं काम आटत गेलं. शाळा, बँका रंगीत फोटो मागू लागल्या. कल्याणला कागद मिळेना, मिळाला तर जुना, कडेला पिवळा पडलेला. मग संगणक आणि प्रिंटर आला. न्हाणीघर परत न्हाणीघर झालं. याचं मला फार दुःख झालं असं नाही. फोटो धुताना लागणाऱ्या हायपोच्या वासाने माझ्या मुलीला खोकला यायचा.

थोरला म्हातारा त्याच सुमारास गेला. मला बातमी महिन्याने कळली, सुनेचा निरोप आला तेव्हा. मी जाऊन भेटून आले. धाकटा घरात नव्हता, शेतावर होता म्हणाले.

त्याच्या पुढच्या एका बाजाराला तो मला रसवंतीच्या बाकावर एकटा दिसला. मी जाऊन बसले. मग घरी जाऊन येते म्हटलं आणि त्यांचे सगळे फोटो घेऊन आले. त्याने एकेक करून पाहिले, मांडीवर ठेवले. शहापूरचा पहिला फोटो त्याने सगळ्यात जास्त वेळ धरला.

"हे काळं-पांढरंच का काढलंस गो?"

"तेव्हा दुकानात तोच रोल होता, काका."

"दादानं त्या दिवशी निळा सदरा घातलेला. नवा. ह्यात कळत नाय."

मी दहा वर्षं तो सदरा पांढरा समजत होते. फोटोत तो फिकट दिसतो. निळा रंग त्या फिल्मवर फिकटच यायचा, हे मला माहीत होतं, तरी कधी मनात आलं नाही. मी पर्समधून पेन काढलं आणि फोटोच्या मागे लिहिलं: सदरा निळा, नवा.

"आणि टोपी?" मी विचारलं.

"टोपी पांढरीच. पण मळलेली होती. ते नको लिहू," तो म्हणाला, आणि सरळगाववरून त्याच्या गावाकडे जाणारी गाडी लागली म्हणून उठला.